नवा सिगार येतोय म्हणे! झाडीपट्टीतल्या शौकिनांना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ब्रह्मपुरी-नागभीड पट्ट्यातल्या एका गावात माझं कृषी केंद्र आहे. बियाणं, खत, फवारणीचे पंप. महिन्यातून एखाद्या शनिवारी दुकान बंद केल्यावर आम्ही सहा जण एकाच्या खळ्यावर जमतो आणि अधूनमधून एकेक सिगार पेटवतो. एक राइस मिलवाला, दोन मास्तर, एक जनावरांचा डॉक्टर, मी, आणि जहाजावरची नोकरी करून गावी परतलेला एक दोस्त. या सगळ्या रोगाचं मूळ तो जहाजवालाच. फेब्रुवारीत नव्या सिगारची बातमी फुटली, तेव्हापासून लोक युरिया विचारायला येतात आणि जाताजाता हळूच याचंही विचारतात. तेच ते प्रश्न, तीच ती उत्तरं. म्हणून एकदाचं लिहून टाकलं.

कोणता सिगार येतोय? नाव का सांगत नाही?

२००३ च्या कायद्याने तंबाखूच्या कोणत्याही मालाची जाहिरात करायला बंदी आहे, आणि सिगार त्यात येतो. मी सिगार विकत नाही, विकणारही नाही. पण दुकानदाराने नव्या मालाचं नाव घेतलं की ती माहिती की जाहिरात, हा वाद घालायची मला हौस नाही. एवढं सांगतो की तो क्युबाचा आहे, मर्यादित मालातला आहे आणि अंगाने जाड आहे. जुन्या, जगाला ठाऊक असलेल्या सिगारांची नावं पुढे येतील, ती इतिहास म्हणून वाचा.

एवढी वाट कशाची पाहता? सिगारच तर आहे!

मग मंडईची वाट कशाला पाहता? भाऊबीज झाली की आपल्याकडे गावोगाव मंडया, म्हणजे रात्रीच्या नाटकांच्या जत्रा, सुरू होतात. वडसाच्या कोणत्या कंपनीचं नाटक आपल्या गावाला येणार, हिरॉइन कोण, याच्या गप्पा पार पोळ्यापासून चालतात. नाटक एका रात्रीचं, गप्पा तीन महिन्यांच्या. आमचंही तसंच. फेब्रुवारीत फोटो येतो. मग वरच्या पानाचा रंग किती काळपट आहे, पट्टी कशी आहे, लांबी किती, यावर खळ्यावर वाद. गेल्या वेळी दोन मास्तर फोटोतल्या सावलीवरून लांबी मोजत बसले होते. एक गणिताचा, दुसरा मराठीचा. मराठीच्या मास्तरचं माप बरोबर निघालं, तेव्हापासून गणिताचा मास्तर त्या विषयावर बोलत नाही.

घोषणा कधी होते आणि माल कधी येतो?

क्युबन सिगारांचा मोठा मेळा हवानात फेब्रुवारीच्या शेवटाला भरतो. वर्षाच्या नव्या मालाची नावं बहुतेक तिथेच जाहीर होतात. कोविडमुळे २०२१ आणि २०२२ ला तो नेहमीसारखा भरला नाही.

पण जाहीर होणं वेगळं आणि दुकानात येणं वेगळं. कोहिबा या क्युबन सिगारच्या नावाला ५५ वर्षं झाली म्हणून २०२१ ची खास मर्यादित आवृत्ती जाहीर झाली. ती लोकांच्या हातात पडायला २०२२ उजाडलं. असा उशीर आता नवा राहिलेला नाही. २७ सप्टेंबर २०२२ ला इयान वादळ थेट पिनार देल रियो प्रांतावर आदळलं. क्युबाची सगळ्यात चांगली तंबाखू तिथेच पिकते. पानं सुकवायची लाकडी कोठारं तिथे हजारोंनी आडवी झाली. लागवडीचा हंगाम तोंडावर, आणि कोठारच नाही. आपल्याकडे धान कापायला आला असताना अवकाळी आला तर मिलवाल्याचं वर्षाचं गणित कसं बिघडतं ते आठवा. त्यात त्या देशात विजेचे हाल, इंधनाचे हाल. म्हणून आमच्या गटाचा साधा नियम आहे: जाहीर झालेल्या तारखेत एक दिवाळी मिळवायची.

सिगार आणि आपली बिडी यात फरक काय?

बिडीत तेंदूच्या पानात जर्दा असतो. सिगारमध्ये सगळंच तंबाखूचं पान. आतला भरणा लांब पानांचा, त्याला आवळून धरणारं मधलं पान, आणि अंगावर गुंडाळलेलं वरचं पान, ज्याला रॅपर म्हणतात. भरण्यातही झाडाची जागा पाहून पानं निवडतात. बुडखातली पानं नीट जळावं म्हणून, मधली वासासाठी, शेंड्याकडची ताकदीसाठी. शेंड्याच्या पानाला ऊन जास्त मिळतं, ते जाड आणि तेलकट होतं. वरचं पान मात्र कापडी मांडवाखाली, सावलीत वाढवतात, म्हणजे ते पातळ आणि बिनडागाचं राहतं.

पण खरा फरक मला माझ्या आत्याने सांगितला. आत्या गोंदियाकडची. चाळीस वर्षं बिड्या वळल्या तिने. पान रात्री भिजवायचं, फर्म्यावर ठेवून कात्रीने कापायचं, जर्दा घालून वळायचं, तोंड मोडायचं, सूत बांधायचं. दिवसाला हजाराच्या आसपास. मी एकदा तिच्या हातात सिगार दिला. तिने चष्मा वर केला, सिगार दोन बोटांत फिरवला, कुठे पोकळ लागतो का ते दाबून पाहिलं, मग टोक डोळ्याजवळ नेलं. तिथे वरच्या पानाचाच छोटा गोल तुकडा गोंदाने चिकटवलेला असतो.

"तोंड मस्त बंद केलं बाप्पा," ती म्हणाली. "सूत नाही लावलं तरी सुटत नाही." थोडं थांबून विचारलं, "दिवसाले किती होते त्याइचे?"

मी म्हटलं, चांगला कारागीर असला तर शंभराच्या आसपास.

"शंभरच? अन् हजाराले काय भाव भेटते?"

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. हवानाच्या कारखान्यात कारागीर वळत असताना एक माणूस उंच खुर्चीवर बसून त्यांना वर्तमानपत्र आणि कादंबऱ्या वाचून दाखवतो, ही पद्धत १८६५ पासूनची आहे, हे मी तिला सांगितलं. ते तिला सिगारपेक्षा जास्त आवडलं. "आमच्या इथं ठेकेदार यायचा, तो फक्त छाट काढायचा," म्हणाली. छाट म्हणजे खराब ठरवून बाजूला काढलेली बिडी. तिची मजुरी मिळत नसे.

तेंदूपत्त्याचा सिगार बनेल का?

नाही. मिलवाल्याने प्रयोग केला होता. तेंदूचं पान वाळलं की कडक होतं, वळवायला गेलं की शिरेवर चिरतं. शिवाय त्यात निकोटीन नाही, तंबाखूचा वास नाही. बिडीचा आकार लहान का, ती सारखी विझते का, हे त्या संध्याकाळी आम्हाला कळलं. तेंदूला तेंदूचं काम करू द्या. मे महिन्यात वाघाच्या भीतीत पहाटे जंगलात जाऊन बाया सत्तर-सत्तर पानांचे पुडे बांधतात, त्या पानावर असले खेळ करणं बरंही दिसत नाही.

"मुरवलेलं पान" म्हणजे काय? जाहिरातीतला शब्द आहे का?

अर्धा खरा, अर्धा जाहिरातीचा. खरा भाग आधी सांगतो.

ओल्या धानाची गंजी रचून तीन दिवसांनी आत हात घाला. चटका बसतो. तंबाखूचंही तसंच. कोठारात टांगून सुकवलेली पानं ओलसर करून ढीग लावतात. ढीग आतून तापतो. आतलं तापमान चाळिशीच्या पुढे सरकू लागलं की ढीग मोडतात, आतलं बाहेर, बाहेरचं आत करून पुन्हा रचतात. अमोनियाचा उग्र वास सुटतो, गोठ्यातल्यासारखा. तो वास निघून जाणं हाच त्या कामाचा उद्देश. जाड पानाला हे पुन्हा पुन्हा करावं लागतं. आपण गंजी तापू नये म्हणून धडपडतो, ते मुद्दाम तापवतात आणि लगाम धरून ठेवतात. कौशल्य त्या लगामात आहे.

त्यानंतर पान गठ्ठ्यात पडून राहतं. क्युबाच्या मर्यादित आवृत्त्या २००० सालापासून निघतात. त्यांचं वरचं पान किमान दोन वर्षं मुरलेलं असावं असा नियम होता, पुढे तो आतल्या पानांनाही लावला. झाडीपट्टीतल्या माणसाला हे समजवायची गरज नाही. नव्या तांदळाचा भात गिचगोळा होतो आणि वर्षभर जुना तांदूळ मोकळा फुलतो, हे आपल्या घरातलं पोरही सांगेल.

बियाण्याचंही असंच. नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडेंनी आपल्या बांधीत वेगळी दिसलेली लोंबी निवडून, जपून, वाढवून एचएमटी धान दिला. क्युबात पिनार देल रियोच्या एका मळ्यात तसंच निवडून-निवडून कोरोहो ही जात तयार झाली, ती मळ्याच्याच नावाने ओळखली गेली. अनेक दशकं वरचं पान म्हणजे कोरोहोच. पण ती निळ्या बुरशीला बळी पडायची, म्हणून १९९० च्या दशकात रोगाला टिकणाऱ्या नव्या जाती आणल्या. जुने शौकीन अजून म्हणतात, "ती चव गेली." आमच्याकडेही म्हातारे लुचई तांदळाबद्दल हेच म्हणतात. मी बियाणं विकतो, त्यामुळे दोन्हीकडच्या म्हाताऱ्यांशी वाद घालत नाही.

आता जाहिरातीचा भाग. "दुर्मिळ", "खास राखीव", "शतकातला एकमेव" असे शब्द पेटीवर दिसले की मी वर्ष आणि पानाचा प्रकार शोधतो. ते लिहिलेलं नसेल तर उरते ती सोनेरी पट्टी, आणि ती ओढता येत नाही.

आला की लगेच ओढायचा का?

माझं मत स्पष्ट आहे: नाही. इतकी वाट पाहून आणखी थांबा म्हणतो, म्हणून गटातही माझ्यावर राग आहे. पण ताजा वळलेला सिगार ओला असतो. त्यात अमोनियाची शेवटची झाक उरलेली असते, आणि प्रवासात त्याला झटके बसलेले असतात. आल्याआल्या पेटवला तर तिखट लागतो, एका बाजूने जळतो, आणि तुम्ही म्हणता की पैसे वाया गेले. सहा महिने पेटीत शांत पडू द्या. वर्ष झालं तर आणखी बरं. दोन घेतले असतील तर एक आता, एक पुढच्या मंडईला, हा मधला मार्ग. जनावरांचा डॉक्टर नेहमी दोन्ही एकाच आठवड्यात संपवतो आणि मग दुसऱ्यांच्या पेटीकडे पाहत बसतो.

आपल्या उन्हाळ्यात सिगार सांभाळायचा कसा?

हा सगळ्यात जास्त विचारला जाणारा आणि खरा आपल्याकडचा प्रश्न. परदेशातल्या लोकांना तो पडतच नाही.

सिगारला हवेत ६५ ते ७० टक्के ओलावा लागतो आणि १८ ते २१ अंश तापमान. आपल्याकडे नवतपात पारा ४५-४६ ला आणि दुपारचा ओलावा वीस टक्क्यांच्याही खाली. टेबलावर ठेवलेला सिगार दोन दिवसांत पापडासारखा होतो, वरचं पान तडकतं. एकदा तडकलं की पुन्हा जुळत नाही.

सिडार लाकडाची सुंदर पेटी, म्हणजे ह्युमिडॉर, आपल्या उन्हाळ्यात फारशी कामाची नाही. लाकूड स्वतःच वाळतं, झाकणाला फट पडते. आमच्याकडे चालतो तो घट्ट झाकणाचा, रबर लावलेला प्लॅस्टिकचा डबा. आत ओलावा राखणारी दोन पाकिटं ठेवायची. ती ६५ आणि ६९ टक्क्यांची मिळतात, उन्हाळ्यात ६५ घ्या. सिगारच्या रिकाम्या पेटीतली सिडारची फळी मिळाली तर तीही टाका. डबा घरातल्या सगळ्यात आतल्या खोलीत, जमिनीलगत. मातीच्या भिंतीचं जुनं घर असेल तर तुम्ही नशीबवान. आमच्या मिलवाल्याचा डबा त्याच्या आजीच्या देवघराखालच्या कोनाड्यात असतो आणि मेमध्येही तिथे तीस अंशांच्या वर जात नाही. तीस म्हणजे जास्तच, पण बाहेर शेहेचाळीस असताना तक्रार कोणाकडे करणार?

कूलरच्या खोलीत ठेवू का, असं विचारतात. कूलर ओलावा देतो हे खरं, पण मनाला येईल तसा. वाळ्याच्या ताट्या नव्या असल्या की खोली ऐंशी टक्क्यांवर, वीज गेली की तासाभरात पस्तीसवर. असा झोका सिगारला नको. फ्रिजमध्येही नको, तिथे हवा कोरडी असते आणि भाजीचा वास लागतो.

आता किड्याची गोष्ट. सिगारचा एक लालसर तपकिरी बारका भुंगा असतो, ज्वारीच्या दाण्याहूनही लहान. त्याची अंडी पानातच असतात आणि पंचवीस अंशांच्या वर गेलं की जागी होतात. म्हणजे आपल्याकडे वर्षातून आठ महिने. हा भुंगा हळद आणि वाळलेली मिरचीही आवडीने खातो. तीन वर्षांपूर्वी मे महिन्यात आमच्या कपाटातल्या डब्यात मला अकरा सिगारांना सुईने टोचल्यासारखी छिद्रं दिसली. खाली पिठासारखा भुगा. वरच्या फळीवर बायकोने वर्षाची भिवापुरी मिरची पिशवीत भरून ठेवली होती, तिच्यातही भुंगे. किडा मिरचीतून सिगारात गेला की सिगारातून मिरचीत, हा वाद आमच्या घरात अजून मिटलेला नाही. निकाल काय लागला म्हणाल, तर मिरची कपाटातच राहिली आणि सिगार बाहेर गेले.

उपाय सोपा आहे. नवा सिगार आला की हवाबंद पिशवीत घालून तीन दिवस डीप फ्रीझरमध्ये ठेवा, मग एक दिवस खालच्या फ्रिजमध्ये, मग बाहेर. एकदम बाहेर काढला तर पान तडकतं. वीज सलग राहील असे चार दिवस निवडा, म्हणजे आपल्याकडे बहुधा जानेवारी.

आणि पावसाळ्यात?

तेव्हा उलटं. डबा उघडाच कमी. बुरशी पांढरी, मऊ, केसाळ दिसते. तिला "मुरल्याची खूण" म्हणून खपवणारे लोक आहेत, त्यांचं ऐकू नका. ओलावा मोजायचा छोटा काटा घेतला असेल तर तो आधी तपासा. बाटलीच्या झाकणात मीठ घ्या, चार थेंब पाण्याने ओलं करा, विरघळू देऊ नका. झाकण आणि काटा एकाच बंद पिशवीत दिवसभर ठेवा. काट्याने ७५ दाखवायला हवं. माझा काटा ६८ दाखवायचा. दोन पावसाळे मी त्याच्यावर विश्वास ठेवून होतो.

मिळणार कुठून?

आपल्या पानठेल्यावर नाही, एवढं नक्की. मुंबई-दिल्लीत मोजकी अधिकृत दुकानं आहेत, तिथे नवा माल उशिरा आणि थोडा येतो. परदेशातून येणारा माणूस सामानात २५ सिगार बिनशुल्क आणू शकतो. ही सूट १०० सिगारेट किंवा २५ सिगार किंवा १२५ ग्रॅम तंबाखू अशी आहे. "किंवा" नीट वाचा, तिन्ही मिळून नाही. पुतण्या दुबईहून येतोय म्हणून त्याला पन्नास आणायला लावू नका, विमानतळावर मान त्याची खाली जाते.

परदेशातून कुरिअरने मागवू नका. मी एकदा मागवले होते. पार्सल दीड महिना अडकलं, कागदपत्रांचे तीन फेरे झाले, आणि शेवटी शुल्काचा आकडा पाहून मीच सोडून दिलं. ऐन मेमध्ये कुठल्यातरी गोदामात पडलेल्या त्या सिगारांचं काय झालं असेल, याचा मी विचार करत नाही.

खोटा माल कसा ओळखायचा?

काचेच्या झाकणाची कोहिबाची पेटी दिसली की उठून चालू लागा. अशी पेटी खरी नसते. खऱ्या क्युबन पेटीवर हिरव्या-पांढऱ्या रंगाची सरकारी हमीची पट्टी असते आणि पेटीच्या बुडाला कारखान्याचा सांकेतिक शिक्का, महिना आणि वर्ष उमटवलेलं असतं, महिना स्पॅनिशमध्ये. आत सगळ्या सिगारांचा रंग जवळजवळ सारखा हवा, गडदाकडून फिक्याकडे लावलेला. पट्ट्या एका रेषेत. आणि "मित्राचा भाऊ कारखान्यात कामाला आहे, म्हणून स्वस्त" ही गोष्ट हवानाच्या रस्त्यावर जशी सांगतात तशीच नागपूरच्या हॉटेलांच्या लॉबीतही सांगतात.

किंमत किती?

आकडा सांगत नाही, तो दर आठवड्याला बदलतो. २०२२ मध्ये कोहिबा आणि ट्रिनिदाद या दोन नावांच्या किमती जगभर एका पातळीवर आणल्या गेल्या, म्हणजे बहुतेक ठिकाणी झटक्यात चढल्या. त्यानंतर खाली आलेल्या नाहीत.

मला ज्याची लाज वाटते ते सांगतो. २०२४-२५ च्या खरिपात साधारण धानाचा हमीभाव क्विंटलला २३०० रुपये होता. मर्यादित आवृत्तीतला एक सिगार त्याहून महाग पडतो. माझ्या दुकानात उधारीवर खत नेणारा माणूस समोर बसलेला असताना मी हे गणित करत नाही. आम्ही वर्षाला प्रत्येकी पाच-सहाच ओढतो, त्याचं एक कारण तब्येत आणि दुसरं हे.

साठा करून ठेवावा का?

१९६२ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांनी क्युबाच्या मालावर बंदी घालण्याच्या आदल्या रात्री आपल्या माध्यम सचिवाला हजार क्युबन सिगार गोळा करायला सांगितले. सकाळपर्यंत १२०० जमले आणि मग सही झाली, असं त्या सचिवानेच पुढे सांगितलं. तुमच्याकडे तसा सचिव आणि तसा फ्रीझर असेल तर करा. नाहीतर दोन-तीन पुरेत.

ओढायचा कसा?

टोपीचा, म्हणजे टोकाला चिकटवलेल्या त्या गोल तुकड्याचा, फक्त दोन मिलिमीटर भाग कापा, खोल कापला तर वरचं पान उलगडतं. काडीने पेटवा, रॉकेलचा वास येणारा लायटर नको. आधी टोक शेका, मग झुरका. मिनिटाला एक पुरे. धूर छातीत घ्यायचा नाही. राख झटकू नका, ती आपोआप पडते. संपला की चिरडू नका, ठेवून द्या, आपला विझतो. जाडी विचारणाऱ्यांसाठी: रिंग गेज हे जाडीचं माप, एक गेज म्हणजे इंचाचा ६४ वा भाग. ५० चा सिगार साधारण २० मिलिमीटर जाड.

सोबत काय घ्यावं?

परदेशी लोक रम सांगतात. गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे, आमच्या चंद्रपुरातही २०१५ ते २०२१ होती. आमच्या गटाची सवय त्याच काळात लागली, ती कोऱ्या चहाची. गूळ घातलेला, आलं न घातलेला. आलं सिगारला मारतं. त्यासोबत संत्र्याची बर्फी चालते. सावजी जेवणानंतर मात्र सिगार पेटवू नका. तर्रीने सुन्न झालेल्या जिभेला तीन हजारांचा सिगार आणि तणसाचा धूर सारखाच.

कुठे ओढावा?

सार्वजनिक ठिकाणी २ ऑक्टोबर २००८ पासून बंदी आहे, दोनशे रुपयांपर्यंत दंड होतो. एसटी स्टँड, पंचायत, शाळेचा परिसर, हॉटेल, काहीच नाही. खळ्यावर ओढत असाल तर तणसाच्या ढिगापासून लांब, वाऱ्याची दिशा पाहून, पाण्याची बादली जवळ ठेवून. जंगलात अजिबात नाही. उन्हाळ्यात वणवा लागायला एक ठिणगी पुरते, आणि तिथे काडेपेटी खिशात असणंही अंगाशी येतं.

धूर आत घेत नाही, मग तब्येतीला चालतो ना?

नाही. हे आम्हालाही आवडत नाही, पण खरं आहे. एका मोठ्या सिगारमध्ये सिगारेटच्या अख्ख्या पाकिटाइतकी तंबाखू असू शकते. धूर तोंडात खेळवला तरी निकोटीन तोंडातूनच रक्तात जातं. तोंडाचा, घशाचा, अन्ननलिकेचा, फुप्फुसाचाही कर्करोग सिगारने होतो. खर्रा घोटून खाणाऱ्याला आपण नावं ठेवायची आणि स्वतः मऊ खुर्चीत सिगार ओढायचा, हा ढोंगीपणा आमच्या गटात चालत नाही. आमच्या पट्ट्यात तोंड न उघडणारे तरुण प्रत्येक गावात आहेत, सुपारी-तंबाखूने जबडा आखडलेले. पानाचा भाव वेगळा, आजार तोच.

मलाही सुरू करायचं आहे, गटात घ्याल?

आधीपासून ओढत नसाल तर नाही. नव्याने कोणाला शिकवायचं नाही, हा आमचा एकमेव लेखी नियम. अठराच्या खालच्याला तर खळ्यावर थांबूही देत नाही. गप्पांना या, चहा आहे. मराठीच्या मास्तरने दोन वर्षांपूर्वी सिगार सोडला, तरी तो दर वेळी येतो, वास घेतो आणि सगळ्यांपेक्षा जास्त मतं मांडतो.

यंदा येईल का? आला हे कळणार कसं?

दोन सांगून ठेवले आहेत. माझ्या डब्यात त्यांच्यासाठी जागाही केली आहे. आला की दुकानाच्या फळ्यावर नाव लिहिता येणार नाही, म्हणून साठ्याच्या यादीखाली खडूने एक गोल काढीन. ओळखणाऱ्यांनी ओळखावं, बाकीच्यांनी त्यासाठी रांग लावू नये. आज सकाळी फळ्यावर लिहिलंय: युरिया नाही, डीएपी आहे. गोल नाही.